ध्यानात चक्कर आली, अंग झुललं, मुंग्या आल्या, तर काय करायचं?

तुम्ही नुकतेच बैठकीतून उठला असाल आणि डोकं अजून हलकं असेल, तर बाकीचा लेख नंतर वाचा. आधी एवढं करा. डोळे पूर्ण उघडा आणि समोरच्या एखाद्या न हलणाऱ्या वस्तूवर, दाराच्या कडीवर किंवा भिंतीतल्या खिळ्यावर, नजर ठेवा. मांडी सोडा. खुर्चीवर असाल तर दोन्ही पावलं जमिनीवर सपाट टेकवा. खाली बसला असाल तर पाय लांब करून पाठ भिंतीला लावा. श्वासाकडे बघणं थांबवा, तो नाकाने जसा चालेल तसा चालू द्या. डोळ्यांपुढे अंधारी येत असेल किंवा घाम फुटला असेल तर बसून राहू नका. आहे तिथेच आडवे व्हा आणि पायांखाली दोन उशा घ्या. घरात कुणी असेल तर हाक मारा. लगेच उभं राहू नका, एकट्याने मोरीकडे तर मुळीच जाऊ नका. अशा वेळी पडून डोक्याला लागतं, तो खरा धोका.

पाच-दहा मिनिटांत बहुतेकांना बरं वाटतं. मग दोन विचार हमखास मनात येतात. एक, ‘मला काहीतरी मोठा आजार झालाय.’ दुसरा, ‘माझं ध्यान लागलं, काहीतरी जागं झालं.’ मी गेली काही वर्षं नवख्या लोकांसोबत बसते आणि या दोन्ही विचारांनी माणसांचं सारखंच नुकसान होताना पाहते. एक जण घाबरून ध्यानच सोडतो. दुसरा त्याच चकरेची वाट बघत बसतो आणि ती मुद्दाम ओढवून घेतो. माझं म्हणणं एवढंच आहे की चक्कर ही आधी शरीराची गोष्ट आहे. श्वास, पोट, गोळ्या, मान, पाय यांची तपासणी झाल्याशिवाय तिला दुसरा कुठलाच अर्थ लावू नका.

चक्कर नेमकी कशी आली ते ओळखा

डॉक्टरही पहिला प्रश्न हाच विचारतात: चक्कर म्हणजे नक्की काय झालं?

खोली गरगर फिरली, डोळे उघडल्यावरही भिंती सरकताना दिसल्या, तर संशय कानावर घ्यायचा. आतल्या कानात तोल सांभाळणारी यंत्रणा असते. तिथले कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक खडे जागचे हलले की मान वळवताना, वर बघताना किंवा कुशीवर वळताना काही सेकंद जोरात गरगरतं. ध्यानात डोकं हळूहळू छातीकडे झुकतं आणि घंटा वाजली की आपण ते झटक्यात वर करतो, तेवढं पुरतं. यावर डॉक्टर डोकं ठरावीक क्रमाने वळवून खडे परत जागेवर नेतात. या उपायाला एपली मॅन्युव्हर म्हणतात आणि पुष्कळांना एक-दोन वेळा केल्यावरच आराम पडतो. वर्षानुवर्षं ‘मला सर्व्हायकल आहे’ म्हणत मानेला पट्टा बांधून बसणाऱ्यांनी एकदा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना जरूर दाखवावं.

डोळ्यांपुढे काळोख, कानात आवाज दूर गेल्यासारखा, घाम, मळमळ, असं असेल तर रक्तदाब उतरला. हे बहुतेक वेळा उठताना होतं.

डोकं पिसासारखं हलकं, ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या, छातीत धडधड: हा श्वासाचा प्रताप.

आणि काहीच फिरत नाही, अंधारी नाही, पण होडीत बसल्यासारखं अंग झुलतं, डोळे उघडले की लगेच थांबतं. हे सगळ्यात निरुपद्रवी. आपला तोल डोळे, आतला कान आणि स्नायू-सांध्यांकडून येणारी खबर, या तिघांच्या मेळाने टिकतो. डोळे मिटले की त्यातला एक जण रजेवर जातो. पावलं जुळवून, भिंतीजवळ उभं राहून डोळे मिटून बघा, थोडं झुलणं प्रत्येकालाच जाणवेल. बसल्यावरही तेच बारीक झुलणं चालू असतं. एरवी तिकडे लक्ष नसतं, ध्यानात असतं.

पहिली तपासणी: श्वास

नवख्या माणसाच्या चकरेमागे माझ्या पाहण्यात सगळ्यात जास्त वेळा श्वास असतो, म्हणून इथे जरा थांबते.

आनापान म्हणजे येणारा-जाणारा श्वास बघण्याचं ध्यान. त्याची सूचना अगदी साधी असते. श्वास जसा आहे तसा बघा. पण बघायला लागलं की माणूस नकळत तो ओढायला लागतो. जाणवत नाही म्हणून जोरात घेतो. त्यात कित्येक जण ध्यानाआधी कपालभाती आणि भस्त्रिका उरकून, दम पूर्ण बसण्याआधीच डोळे मिटतात.

मोठ्या माणसाचा विश्रांतीतला श्वास मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा चालतो. त्याहून भराभर, किंवा संख्या तेवढीच पण खूप खोल, असा श्वास काही मिनिटं चालला तर शरीरात जेवढा कार्बन डायऑक्साइड तयार होतो त्यापेक्षा जास्त बाहेर फेकला जातो. रक्तातलं त्याचं प्रमाण घटलं की मेंदूतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि मेंदूला मिळणारं रक्त कमी होतं. ऑक्सिजन भरपूर असतो, तरी डोकं हलकं होतं. गुदमरल्यासारखं वाटतं म्हणून माणूस आणखी खोल श्वास घेतो आणि त्रास वाढत जातो. त्याच वेळी रक्ताचा आम्ल-अल्क तोल अल्काकडे झुकतो, रक्तातलं मोकळं कॅल्शियम कमी होतं आणि ओठ, बोटं, तळवे झिणझिणायला लागतात.

एकदा सकाळच्या बैठकीत माझ्या शेजारच्या सतरंजीवर एक मुलगी होती. तिचा श्वास मला ऐकू येत होता, ध्यानात तो असा ऐकू येऊ नये. थोड्या वेळाने तिने डोळे उघडले आणि उजवा हात माझ्यासमोर धरला. बोटं सरळ आणि ताठ, एकमेकींना चिकटलेली, अंगठा तळव्यात वळलेला, मनगट वाकलेलं. डाव्या हाताचंही तेच व्हायला लागलं होतं. ‘ताई, मला लकवा मारतोय का?’ एवढंच ती म्हणाली. चेहरा सारखा होता, बोलणं स्पष्ट होतं, दोन्ही हात सारखे आखडत होते. मी तिला भिंतीला टेकवून बसवलं आणि म्हटलं, ‘सकाळी उठल्यापासून काय काय केलंस ते मला सांग बघू, सावकाश.’ पाणी तापवलं, डबा भरला, धाकट्या भावाला उठवलं, असं ती सांगत गेली. पूर्ण वाक्यं बोलताना श्वास लांबलचक बाहेर जातो आणि भराभर आत घेता येत नाही. भावाच्या शाळेच्या बसपर्यंत गोष्ट आली तोवर तिचा अंगठा सैल पडला होता.

घरी तपासायचं असेल तर एक हात छातीवर आणि एक बेंबीच्या वर ठेवा. छातीवरचाच हात जास्त हलत असेल, खांदे वर-खाली होत असतील, मधूनमधून मोठे उसासे येत असतील, तर तुम्ही श्वास बघत नाही आहात, चालवत आहात. उपाय असा: नाकाने, लहान, आवाज न करता श्वास घ्या आणि सोडताना घेण्यापेक्षा थोडा जास्त वेळ लावा. मनात ‘तीन’ म्हणेपर्यंत आत, ‘पाच’ म्हणेपर्यंत बाहेर, पोट फुगेल एवढंही घ्यायची गरज नाही. तरी लक्ष गेलं की श्वास बिघडतोच, असं होत असेल तर श्वास सोडून द्या आणि लक्ष तळहातांवर किंवा बाहेरच्या आवाजांवर ठेवा. श्वासाशिवायही ध्यान होतं. कागदी पिशवीत श्वास घेण्याचा जुना उपाय करू नका. त्रास दम्याचा किंवा हृदयाचा असेल तर तो जिवावर बेतू शकतो.

प्राणायाम आणि ध्यान यांच्यात पाच-सात मिनिटं नुसतं स्वस्थ बसा. चक्कर येण्याचा त्रास असेल तर भस्त्रिका, कपालभाती आणि श्वास रोखून धरण्याचे कुंभक सध्या बंद ठेवा. उच्च रक्तदाब, हृदयविकार, गरोदरपण किंवा फिट येण्याचा इतिहास असेल तर हे प्रकार करायचेच नाहीत. मेंदूचा आलेख काढताना डॉक्टर रुग्णाला मुद्दाम तीन मिनिटं जोरजोरात श्वास घ्यायला लावतात, कारण त्याने काहींच्या मेंदूतली फिटची लक्षणं उघडी पडतात. ती गोष्ट घरी एकट्याने करून बघण्यासारखी नाही.

काहींचं याउलट होतं. एकाग्र व्हायच्या नादात ते श्वास धरून ठेवतात आणि मग एकदम धाप लागल्यासारखा घेतात. उपाय तोच: पकड सोडा.

दुसरी तपासणी: पोट, पाणी, गोळ्या

रिकाम्या पोटी ध्यान करावं असं सगळे सांगतात. त्याचा अर्थ भरल्या पोटी बसू नये, एवढाच घ्या. रात्री आठला जेवून सकाळी सातला, तेही संकष्टीच्या किंवा एकादशीच्या दुसऱ्या दिवशी, पाण्याचा घोटही न घेता बसलात तर डोकं गरगरणारच. उठल्यावर पेलाभर पाणी प्या. लागत असेल तर अर्धं केळं, दोन खजूर खा. रोजचा चहा अचानक बंद केला असेल तर दोन-तीन दिवस डोकं जड राहील, तो चहा सुटल्याचा परिणाम आहे.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर हा भाग जपून वाचा. रक्तातली साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की थरथर, घाम, धडधड, गोंधळल्यासारखं होणं सुरू होतं. ध्यानात हे ‘ऊर्जा वाढली’ असं वाटू शकतं. अशा वेळी ग्लुकोमीटरने मोजा, मीटर नसेल तर मोजण्यासाठी थांबू नका. तीन-चार चमचे साखर पाण्यातून घ्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा.

रक्तदाबाच्या गोळ्या, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, पुरुषांना प्रोस्टेटसाठी दिल्या जाणाऱ्या काही गोळ्या, झोपेच्या आणि नैराश्याच्या काही गोळ्या, यांनी उठताना रक्तदाब पडतो. शांत बसल्याने तो आणखी थोडा उतरतो. म्हणून गोळी परस्पर बंद करायची नाही. तिची वेळ किंवा मात्रा बदलायची का, ते डॉक्टरांना विचारायचं.

आणि दोन रक्ततपासण्या. स्त्रियांमध्ये हिमोग्लोबिन १२ च्या खाली, पुरुषांमध्ये १३ च्या खाली म्हणजे रक्तक्षय, आणि त्याची चक्कर बैठकीत पहिल्यांदा लक्षात येणं अगदी शक्य आहे. दुसरी बी-१२ जीवनसत्त्वाची. शुद्ध शाकाहारी घरांत, त्यातही दूध-दही बेताचंच असेल तर, याची कमतरता सर्रास आढळते. तिने हातापायांना मुंग्या येतात, पाय बधिर होतात, तोल जातो. पायाच्या मुंग्या बैठकीबाहेरही, रात्री अंथरुणातही येत असतील तर त्यांचा ध्यानाशी संबंध जोडण्याआधी ही तपासणी करून घ्या.

तिसरी तपासणी: बैठक आणि पाय

पद्मासन जमत नसेल तर करू नका, त्यावाचून काही अडत नाही. मांडी घालून बसताना ढुंगणाखाली दोन-अडीच इंचांची घट्ट उशी किंवा घडी केलेली गोधडी घ्या. गुडघे कमरेच्या खाली आले पाहिजेत. गुडघे वर राहिले की कंबर मागे पडते, मग मान पुढे येते, खांदे आखडतात आणि अर्ध्या तासात डोकं दुखतं. खुर्ची पूर्ण चालते, तिला कमी लेखू नका. फक्त पावलं अधांतरी राहू देऊ नका, उंची कमी असेल तर खाली पाट ठेवा.

पाय झोपतो तो मुख्यतः नस दाबली गेल्यामुळे. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, खालच्या हाडाच्या डोक्याजवळ, एक नस अगदी कातडीखालून जाते. हाताने चाचपलं तर तिथलं टणक हाड लागेल. एकावर एक पाय टाकून किंवा वज्रासनात फार वेळ बसलं की ती दाबते आणि पाऊल बधिर होतं. सोडल्यावर पाच-दहा मिनिटांत झिणझिण्या येऊन जाग येते. पण दाब रोज तासन्‌तास पडला तर पाऊल वर उचलताच येत नाही, चालताना ते लोंबतं आणि बरं व्हायला आठवडे लागतात. म्हणून बधिर पाय ‘सहन’ करत बसू नका. पाय बदला. आणि बधिर पायावर उभे राहू नका, घोटा मुरगळतो.

उठायचं कसं

हे नवख्यांना कुणी शिकवत नाही, म्हणून सविस्तर सांगते. तास-अर्धा तास न हलता बसलं की रक्त पायांत साचतं. पोटऱ्यांचे स्नायू चालताना ते वर ढकलतात, इथे ते निजलेले असतात. घंटा वाजते, माणूस सवयीने ताडकन उठतो आणि रक्तदाब खाली येतो. उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर त्याला डॉक्टर नोंद घेण्यासारखी घसरण मानतात. आमच्याकडे येणारे एक निवृत्त काका असेच घंटेसरशी उठले आणि चपलांच्या रॅकवर कोसळता कोसळता राहिले. सकाळी बीपीची गोळी, उपाशीपोट, पंखा बंद, भरलेली खोली, सगळं एकत्र आलं होतं.

तर क्रम असा. डोळे मिटलेलेच ठेवून आधी हातापायांची बोटं हलवा. तळहात एकमेकांवर चोळा. डोळे उघडून जमिनीकडे बघा, मग समोर. पाय लांब करा, घोटे गोल फिरवा, पोटऱ्या आठ-दहा वेळा घट्ट करून सोडा. मग गुडघ्यावर या, एक हात भिंतीला किंवा खुर्चीला लावा आणि उभे राहा. उभं राहिल्यावर पहिलं पाऊल टाकण्याआधी दोन श्वास तिथेच थांबा. घरी रक्तदाब मोजण्याचं यंत्र असेल तर आडवं पडून एकदा आणि उभं राहून तीन मिनिटांत एकदा मोजा, दोन्ही आकडे लिहून ठेवा.

बाकीच्या विचित्र संवेदना

हात प्रचंड मोठे झाल्यासारखे वाटतात, किंवा नाहीतच असं वाटतं. शरीराची कड कुठे संपते ते कळत नाही. न हलणाऱ्या अवयवाकडून मेंदूला नवी खबर मिळत नाही, मग त्याच्याकडचा शरीराचा नकाशा पुसट होतो. भीती वाटली तर करंगळी जराशी हलवा, हात जागच्या जागी परत येतो.

छातीच्या ठोक्यासरशी अख्खं धड पुढेमागे हलतंय असं वाटतं. ते खरंच हलत असतं. हृदय रक्त फेकतं त्याचा धक्का शरीराला बसतो आणि तो यंत्राने मोजताही येतो. लय नियमित असेल तर काळजीचं कारण नाही.

उंचावरून पडल्यासारखा झटका बसला तर तुम्हाला डुलकी लागत होती. झोप पुरी करा. शांततेत कानात ऐकू येणारा गुंई आवाज, अंगावर काटा, डोळ्यांतून पाणी, तोंडात लाळ, ढेकरा, पोटात गुडगुड, हेही सर्रास होतं आणि सोडून द्यावं.

दोन भुवयांच्या मध्ये दाब किंवा ठणका आला तर तपासा की तुम्ही मिटल्या डोळ्यांनी वर बघत नाही ना. ‘आज्ञाचक्रावर लक्ष’ ही सूचना ऐकून पुष्कळ जण डोळे वर फिरवतात आणि कपाळाला आठ्या घालतात. अर्धा तास असं केलं तर स्नायू दुखतीलच. नजर खाली सोडा, जबडा सैल करा, लक्ष पावलांवर न्या. डोक्याकडे काहीही वाढलं, दाब असो वा गरगर, की लक्ष खाली न्यायचं, हा उपाय माझ्या फार उपयोगी पडला आहे. अठराव्या शतकात जपानमधले झेन गुरू हाकुइन यांनी अतिसाधनेने आलेल्या आपल्या दुखण्याबद्दल लिहून ठेवलंय. त्यांनी सांगितलेला उपायही डोक्यापासून खाली पावलांपर्यंत काहीतरी मऊ ओघळत उतरतंय अशी कल्पना करण्याचाच आहे.

मिटल्या डोळ्यांपुढे रंग आणि ठिपके सगळ्यांनाच दिसतात. मात्र एका डोळ्यात वीज चमकल्यासारखं, काळे ठिपके अचानक वाढलेले किंवा पडदा सरकल्यासारखं दिसलं तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा, डोळ्याच्या आतला मागचा पडदा सुटत असू शकतो.

कुंडलिनीविषयी थोडं बोलायलाच हवं, कारण मराठी घरात हा शब्द लहानपणापासून कानावर असतो. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीचं विलक्षण वर्णन आहे. पण त्याच्या आधी आसन येतं, मूळबंध, जालंधरबंध, वोढियाणा हे हठयोगातले बंध येतात, आणि त्यामागे नाथपंथाची गुरूकडून शिष्याकडे आलेली शिस्त आहे. मोबाइलवर ऐकत दहा मिनिटं बसलात, टाळूला मुंग्या आल्या, म्हणून त्या ओव्यांशी नातं जोडू नका. बौद्ध परंपरेतही हे अनुभव ओळखीचे आहेत. पाचव्या शतकात बौद्ध आचार्य बुद्धघोषांनी ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथात पीतीचे, म्हणजे ध्यानात येणाऱ्या आनंदाच्या उमाळ्याचे, पाच प्रकार सांगितले. रोमांच उभे करणारी, विजेसारखी क्षणभर येणारी, लाटांनी येणारी, शरीर वर उचलल्यासारखं करणारी आणि सर्वांगात पसरणारी. हे वाटेत लागणारे अनुभव आहेत. आले तर येऊ द्या, गेले तर जाऊ द्या, आणि त्यांची आठवण काढत दुसऱ्या दिवशी बसू नका.

दहा दिवसांच्या शिबिराला जाणार असाल तर

इगतपुरीच्या धम्मगिरीला किंवा दुसऱ्या विपश्यना केंद्राला पहिल्यांदा जाणाऱ्यांना हे आधी माहीत असावं. पहाटे चारला घंटा होते, दिवसभरात दहा तासांच्या आसपास बैठक असते, जेवण अकराला. संध्याकाळी पाचला नव्या साधकांना चहा आणि फळं, त्यानंतर दुसऱ्या दिवशीच्या न्याहारीपर्यंत काही नाही. पहिले तीन दिवस आनापान, चौथ्या दिवशी विपश्यना शिकवतात आणि मग रोज तीन वेळा तासभर अधिष्ठानाची बैठक, म्हणजे डोळे न उघडता आणि हात-पाय न हलवता बसायचा निश्चय. घरी पंधरा मिनिटं बसणाऱ्याचं शरीर या बदलाला कुरकुर करणारच.

म्हणून जाण्याआधी आठवडाभर रात्रीचं जेवण हलकं आणि लवकर करा, रात्री दहाला झोपा. अर्जात आजार आणि गोळ्या विचारतात, तिथे काहीही लपवू नका. मानसिक आजाराचा इतिहास असेल तर तोही लिहा. गंभीर मानसिक आजार असणाऱ्यांना ही शिबिरं करू नका असंच केंद्रं सांगतात आणि ते त्यांच्या हिताचं आहे. मधुमेह असेल तर संध्याकाळच्या खाण्याचं आधीच बोलून घ्या. गरज असल्यास खुर्ची मागा, ती मिळते.

मौन आहे म्हणून चक्कर आल्याचं सांगायचं नाही, असा समज करून घेऊ नका. शिबिरात सेवा देणाऱ्या धम्मसेवकाला सांगता येतं, दुपारी बाराच्या पुढे सहायक आचार्यांना भेटता येतं. अधिष्ठान हा तुमचा तुमच्याशी केलेला निश्चय आहे, गुडघेदुखी थोडी सोसून पाहणं त्यात बसतं. अंधारी येत असताना ताठ बसून राहणं बसत नाही. डोळे उघडा, आहे तिथेच आडवे व्हा आणि जरा बरं वाटलं की बाहेर नेण्यास सांगा. ‘मध्येच उठलो, आता सगळं वाया गेलं’ असं काही नसतं.

अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये बौद्ध पद्धतीच्या साधकांच्या मुलाखतींवर आधारलेला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात भीती, झोप उडणं, शरीर परकं वाटणं, अनावर झटके अशा त्रासदायक अनुभवांची रीतसर नोंद आहे. त्रास होतो हे उघड बोलल्याने ध्यानाला कमीपणा येत नाही, नव्या माणसाला वेळेवर मदत मिळते.

डॉक्टरांकडे कधी जायचं

तोंड एका बाजूला वाकडं होणं, एकाच बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणं, बोबडं बोलणं, छातीत दुखणं, शुद्ध हरपणं, फिट येणं, आयुष्यातली सगळ्यात भयंकर डोकेदुखी अचानक उठणं: यांपैकी एकही दिसलं तर वाट बघू नका, १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा. ‘ध्यानातून झालंय, उतरेल’ असं कुणी म्हणालं तरी ऐकू नका.

चक्कर बैठकीबाहेरही यायला लागली, आठवडाभर टिकली, ऐकू कमी यायला लागलं, ठोके अनियमित वाटले, तर त्या आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन, बी-१२ आणि गरज वाटल्यास ईसीजी, एवढ्यात बरंच कळतं.

मनाचीही अशीच खूण आहे. तीन-चार रात्री झोपच नाही आणि तरी थकवा नाही, विचार भरधाव पळतायत, आवाज ऐकू येतायत, जग खोटं वाटतंय, जगू नये असं वाटतंय, तर ध्यान पूर्ण थांबवा आणि मानसोपचारतज्ज्ञांना गाठा. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मराठीतही बोलता येतं. चालू असलेली औषधं ध्यानासाठी कधीही सोडू नका.

पुन्हा बसायला सुरुवात

वरच्या तपासण्या झाल्या, मोठं काही निघालं नाही, की दोन-तीन दिवस विश्रांती घेऊन पुन्हा सुरू करा. पहिले काही दिवस पाचच मिनिटं, खुर्चीवर, पाठ टेकून, डोळे अर्धे उघडे. नजर तीन-चार फुटांवरच्या जमिनीवर सैल ठेवायची. झेनमध्ये तर अशाच अर्ध्या उघड्या डोळ्यांनी बसतात. खिडकी उघडी असू द्या. लक्ष पावलांच्या जमिनीशी होणाऱ्या स्पर्शावर.

ते नीट जमलं की डोळे मिटून पाहा. झुलायला लागलं तर उघडा, थांबलं की पुन्हा मिटा. असं दहादा करावं लागलं तरी ती बैठक चांगली झाली असं समजा. वेळ आठवड्याला दोन-तीन मिनिटांनीच वाढवा. बसून काहीच जमत नसेल त्या दिवशी चाला. घराच्या व्हरांड्यात दहा पावलं पुढे, वळायचं, दहा पावलं मागे, प्रत्येक पावलाची टाच आणि चवडा जाणवत. याला चंक्रमण म्हणतात आणि ते पूर्ण ध्यान आहे. चक्कर येणाऱ्या माणसाला मी बहुतेक वेळा यापासूनच सुरुवात करायला सांगते, कारण यात पोटऱ्या चालू राहतात आणि डोळे उघडे असतात. पडून शवासनात करायचं असेल तर तेही चालेल. गरोदर बायकांनी मात्र पाचव्या महिन्यानंतर उताणं न झोपता डाव्या कुशीवर करावं.

उशीजवळ एक छोटी वही ठेवा. बसण्याआधी काय आणि कधी खाल्लं, कोणती गोळी किती वाजता घेतली, रात्री किती झोप झाली, किती मिनिटं बसलात, चक्कर बसताना आली की उठताना, आणि खोली फिरली, अंधारी आली, डोकं हलकं झालं की नुसतं अंग झुललं, एवढं दोन ओळींत लिहा. पंधरा दिवसांच्या नोंदी झाल्या की बहुतेकांना आपलं कारण आपणच सापडतं. नाहीच सापडलं तर ती वही तशीच्या तशी डॉक्टरांपुढे ठेवा. शिकवणारे गुरुजी किंवा ताई असतील तर त्यांनाही दाखवा.